वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले सहा आठवडे: घरी आल्यावर काय होतं आणि काय सांभाळायचं

वजन कमी करण्यासाठी जठरावर केली जाणारी शस्त्रक्रिया, म्हणजे बॅरिॲट्रिक सर्जरी, तुमची नुकतीच झाली असेल आणि दहाव्या-बाराव्या दिवशी 'उगाच केलं हे' असं वाटत असेल, तर पुढचं जरा सावकाश वाचा. असं वाटणारे तुम्ही एकटे नाही. माझ्याकडे आलेल्या बहुतेक रुग्णांनी पहिल्या महिन्यात कधी ना कधी हे वाक्य म्हटलेलं आहे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी सहा महिन्यांनी ते मागेही घेतलेलं आहे.

मी सर्जन नाही, औशात जनरल प्रॅक्टिस करतो. ही ऑपरेशनं मोठ्या शहरांत होतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुट्टी मिळते, रुग्ण रात्रभराचा प्रवास करून गावी येतो, आणि मग रात्री अकरा वाजता उलटी थांबत नाही म्हणून दार वाजतं ते आमच्यासारख्या डॉक्टरांचं. ऑपरेशन कसं करतात हे सांगणारे लेख भरपूर आहेत. मला लिहायचं आहे ते घरी आल्यानंतरच्या दिवसांबद्दल, कारण गडबड होते ती तिथेच.

लोकांच्या डोळ्यांसमोर दोनच उदाहरणं असतात. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, ते कामाला लागले, हे सगळ्यांनी पाहिलं. दुसरं उदाहरण इजिप्तच्या इमान अहमदचं. सुमारे ५०० किलो वजनाच्या या बाईला २०१७ मध्ये विमानानं मुंबईला आणलं, मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबूधाबीत तिचा मृत्यू झाला. नातेवाईक पहिलं उदाहरण देऊन घाई करतात आणि दुसरं देऊन घाबरवतात. तुमचा दुसरा आठवडा कसा जाईल, हे दोन्हींतून कळत नाही.

पोटात नेमकं काय बदललं आहे

स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा साधारण तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी उरते. बायपासमध्ये जठराचा वरचा छोटा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. हा कप्पा सुरुवातीला दोन मोठ्या चमच्यांएवढाच असतो. दोन्हींत आत स्टेपलच्या बारीक पिनांची लांब शिवण असते. तुम्हाला बाहेर दिसतात ती चार-पाच छोटी भोकं. खरी जखम आत आहे आणि ती सुजलेली आहे. त्यामुळे पहिले काही दिवस एक घोट पाणीसुद्धा छातीत अडकल्यासारखं वाटतं. सूज उतरते तसं हे कमी होत जातं.

तुमचं ऑपरेशन यातलं नेमकं कोणतं, हे माहीत करून घ्या. 'दुर्बिणीतून केलं' एवढंच सांगणारे रुग्ण मला दर वेळी भेटतात. दुर्बिणीतून पित्ताशयही काढतात आणि अपेंडिक्सही.

पहिला आठवडा

उजव्या किंवा डाव्या खांद्यात दुखतं. ऑपरेशनच्या वेळी पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याने पडदा चिडतो आणि दुखणं खांद्यात जाणवतं. हे दोन-तीन दिवसांत ओसरतं. मळमळ, ढेकरा, तोंडाला कोरड, दोन पावलं टाकली की थकवा, हेही या आठवड्यातलं नेहमीचं.

चालणं मात्र टाळू नका. या आठवड्यातलं सगळ्यात मोठं औषध तेच आहे. वजन जास्त असलेल्या माणसाच्या पायाच्या शिरेत ऑपरेशननंतर रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती सुटून फुफ्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. म्हणून पोटावर टोचायची रक्त पातळ करणारी इंजेक्शनं काही दिवस देतात. 'बरं वाटतंय' म्हणून ती मध्येच सोडू नका. घरातल्या घरात दर तासाला पाच मिनिटं चाला. श्वासाचा व्यायाम करायला दिलेलं तीन चेंडूंचं खेळणं मुलांच्या हातात न देता तुम्हीच वापरा.

शक्य असेल तर सुट्टी मिळाल्यावर आठवडाभर ऑपरेशनच्या गावीच थांबा. नातेवाइकांकडे, लॉजवर, कुठेही. शिवणीतून गळती व्हायची असेल तर बऱ्याचदा ती पहिल्या एक-दोन आठवड्यांतच कळते. त्या वेळी सर्जन वीस मिनिटांवर असणं आणि रात्रभराच्या प्रवासावर असणं यात फार फरक पडतो. निघालातच तर दीड तासाला गाडी थांबवून खाली उतरा आणि चाला. रेल्वे असेल तर डब्यातच फेऱ्या मारा.

पाणी

पहिल्या महिन्यात पुन्हा दवाखान्यात भरती व्हावं लागण्याचं एक अगदी नेहमीचं कारण साधंच आहे: पाणी कमी पडणं. आधी तुम्ही तांब्या उचलून घटाघटा प्यायचात. आता ते जमणार नाही आणि जमवायचंही नाही. दिवसाला दीड ते दोन लिटर पातळ पदार्थ पोटात जायला हवेत आणि ते घोटाघोटानं. हिशोब असा: ३० मिलीची औषधाची टोपी दर १० ते १५ मिनिटांनी. जागेपणी सोळा तास हे केलं की दोन लिटरच्या आसपास जातं. कंटाळवाणं आहे, पण होतं. मोबाइलवर गजर लावा, किंवा घरातल्या शाळकरी मुलाला हे काम द्या. मुलं यात फार कडक असतात.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. थेंबाथेंबाचा हिशोब आपल्याला नवा नाही.

लघवीचा रंग पाहत राहा. फिकट पिवळी असेल तर ठीक. गडद झाली, दिवसातून दोन-तीनदाच होत असेल, उठल्यावर चक्कर येत असेल, तर पाणी कमी पडतंय. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा तर जास्तच लक्ष द्या. ताक, नारळपाणी, मीठ घातलेलं भाताचं पातळ पाणी, साखर न घातलेलं लिंबूपाणी चालतं. वेळ अमावस्येला करतो ती आंबील बाराही महिने करता येते. पातळ करून, गाळून, तिखट-लसूण बेताचं ठेवून दुसऱ्या आठवड्यापासून घ्यायला हरकत नसते. सोडा, कोल्ड्रिंक आणि आपला तो अर्धा कप साखरेचा चहा बंद. बायपास झालेल्यांना गोड पोटात गेल्यावर अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात कळा आणि जुलाब होऊ शकतात. याला डंपिंग म्हणतात. एकदा होऊन गेलं की कुणी पुन्हा शिऱ्याला हात लावत नाही.

उलटी, सलाइन आणि एक व्हिटॅमिन

हा भाग घरातल्यांनीही वाचावा.

एखाद-दुसरी उलटी होते. घाईनं प्यालं, घास मोठा झाला, जेवताना पाणी प्यालं की फेसाळ चिकट पाणी उलटून पडतं. कारण कळतं, पुढच्या वेळी सावध राहिलं की थांबतं. पण दोन-तीन दिवस रोज उलट्या होत असतील, प्यालेलं पाणीसुद्धा टिकत नसेल, तर ते 'सवय व्हायला वेळ लागतो' यात मोडत नाही. नळी किंवा जोड अरुंद झालेला असू शकतो. दुर्बिणीनं पाहून तो रुंद करता येतो, त्यासाठी सर्जनकडे जावंच लागतं.

आपल्याकडे होतं ते वेगळंच. अशक्तपणा आला की सलाइन. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात एक बाटली, संध्याकाळी बरं वाटतं, परवा पुन्हा एक बाटली.

काही वर्षांपूर्वी एक बाई नवऱ्याच्या आधारानं माझ्याकडे आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) बायपास होऊन पाच आठवडे झाले होते, दहा दिवस उलट्या चालू होत्या. दोनदा ग्लुकोजचं सलाइन लागलं होतं. उलटीबद्दल त्यांची फारशी तक्रार नव्हती. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, कालपासून सगळं दोन-दोन दिसतंय." नवरा म्हणाला, अशक्तपणानं भिंत धरून चालते. मी त्यांना माझ्या बोटाकडे बघायला सांगितलं, तर बुबुळं थरथरत होती. हा अशक्तपणा नव्हता.

व्हिटॅमिन बी-१, म्हणजे थायमिन, शरीरात जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल एवढंच साठलेलं असतं. खाणं जवळपास बंद आणि वर उलट्या, म्हणजे साठा संपतो. साखरेपासून ऊर्जा तयार करायला मेंदूला हेच थायमिन लागतं. अशा वेळी शिरेतून ग्लुकोज सोडलं की उरलंसुरलं थायमिन त्यातच खर्च होतं आणि मेंदूच्या काही भागांना इजा होते. दोन-दोन दिसणं, तोल जाणं, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं. याचं नाव वेर्निकेचा आजार. वेळेत थायमिन मिळालं तर सुधारतो, उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. दारू जास्त पिणाऱ्यांमध्ये हा आजार आम्ही शिकतो, म्हणून कधीच दारू न प्यालेल्या बाईत तो पटकन डोक्यात येत नाही.

त्या बाईंना थायमिनचं इंजेक्शन शिरेतून देऊन लगेच लातूरला पाठवलं आणि सर्जनशी फोनवर बोललो. डोळे दोन-तीन दिवसांत सुधारले. चालणं सरळ व्हायला चार महिने लागले. ते इंजेक्शन फार महाग नसतं. लक्षात नसतं एवढंच.

म्हणून तुमच्या बाजूनं एवढं करा: उलट्यांसाठी कुठेही सलाइन लावायची वेळ आली तर आधी सांगा, "माझं जठराचं ऑपरेशन झालंय, आधी थायमिन द्या, मग ग्लुकोज." डॉक्टरला शिकवायचं कसं, असा संकोच नको. मला कुणी असं सांगितलं तर मला राग येणार नाही, उलट माझं काम सोपं होईल.

खाणं: डाळीच्या पाण्यावर भरवसा नको

टप्पे तुमच्या सर्जनच्या तक्त्याप्रमाणेच पाळा. साधारणपणे पहिले एक-दोन दिवस नितळ पातळ, मग दोन आठवड्यांपर्यंत दूध-ताक-सूप, त्यानंतर मिक्सरमधून काढलेलं मऊ, पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून नीट चावून मऊ जेवण. भाकरी सगळ्यात शेवटी. ज्वारीची असली तरी कुस्करून दुधात किंवा पातळ वरणात भिजवूनच.

प्रोटीन रोज किमान ६० ग्रॅम लागतं आणि घराघरांत गैरसमज आहे तो इथेच. आई मायेनं डाळीचं पाणी काढून देते आणि समजते, ताकद मिळाली. डाळ खाली राहते, प्रोटीनही खालीच राहतं. २०० मिली दुधात ६-७ ग्रॅम, एका अंड्यात ६, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९ च्या आसपास. हे धरून दिवसाची बेरीज करून बघा, पहिल्या महिन्यात ६० गाठणं किती अवघड आहे ते कळेल. म्हणून प्रोटीन पावडर सांगतात. ती जिमवाल्यांची चैन नाही. मऊ खाण्याच्या टप्प्यात आल्यावर आपल्या भागातलं सोयाबीन कामाला येतं: सोयाचे वडे उकडून, पिळून, वाटून पातळ वरणात मिसळायचे. साबुदाणा मात्र नको. चिकट असतो, अडकतो आणि त्यात प्रोटीन जवळजवळ नसतंच.

साबुदाण्यावरून उपवास आठवले. पहिले काही महिने सोमवार, एकादशी, नवरात्र, काहीही नाही. तुळजापूरची पायी वारी यंदा घरच्या दुसऱ्या कुणी करावी. रमजानमध्ये ऑपरेशनला दोन-तीनच महिने झालेले असतील तर दिवसभर पाण्याशिवाय राहणं धोक्याचं आहे. आजाऱ्याला रोज्यातून सूट आहे, आणि तुम्ही सध्या आजारीच आहात.

जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास पाणी नाही. एक वाटी संपवायला वीस-तीस मिनिटं घ्या. 'पोट भरलं' ही खूण आता वेगळी असते: छातीच्या मध्ये दाब, उचकी, नाकातून पाणी. ती आली की थांबा. "एक घास माझ्यासाठी" म्हणणाऱ्या आत्या-मावशींना हे तुम्ही सांगू शकत नसाल तर नवऱ्यानं किंवा बायकोनं सांगावं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वजनाचा काटा अचानक थांबतो. हे बहुतेकांना होतं आणि आपोआप सुटतं. त्यासाठी खाणं आणखी कमी करू नका. रोज वजन करणं सोडा, आठवड्यातून एकदा पुरे.

जुन्या गोळ्या

मधुमेह असेल तर साखर ऑपरेशननंतर काही दिवसांतच खाली येऊ लागते, वजन उतरायच्याही आधी. जुना डोस तसाच चालू ठेवला तर ग्लिमेपिराइडसारख्या गोळीनं किंवा इन्सुलिननं साखर धोकादायक घसरते. डॅपाग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या कमी खाण्याच्या काळात वेगळाच घोटाळा करतात: साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल वाढतं. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर पाणी कमी पडलेल्या शरीरातून ते आणखी पाणी काढतं. म्हणून घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. स्वतः बंद करू नका आणि स्वतः चालूही ठेवू नका.

अंगदुखीवर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा मेडिकलमधून मागून आणलेली पुडी घेऊ नका. विशेषतः बायपासमध्ये जोडाजवळ अल्सर होतो, फुटूही शकतो. पॅरासिटामॉल चालते. तंबाखू, बिडी आणि मिश्री यांनीही तोच अल्सर होतो. मिश्रीबद्दल बाया सांगत नाहीत आणि डॉक्टर विचारत नाहीत, म्हणून इथे लिहितो.

व्हिटॅमिन, कॅल्शियम, लोह, बी-१२ यांच्या गोळ्या आयुष्यभराच्या आहेत. तिसऱ्या महिन्यात केस गळायला लागतात तेव्हा सगळे घाबरतात. त्यातले बहुतेक परत येतात, पण प्रोटीन आणि लोह नीट घेतलं तर. आणि तरुण बायकांसाठी: वजन उतरू लागलं की दिवस राहण्याची शक्यता वाढते. वर्ष-दीड वर्ष गरोदरपण टाळायचं आहे आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांचा पूर्ण भरवसा धरता येत नाही. दुसरा उपाय डॉक्टरांना विचारा, सासूला विचारू नका.

मन

रडू येतं. चिडचिड होते. घरात फोडणीचा वास आला की उठून जावंसं वाटतं. यात कमकुवतपणा कसलाही नाही. दिवसाला जेमतेम चारशे-पाचशे कॅलरी पोटात जाताहेत, झोप नीट नाही, आणि दुःखात-आनंदात इतकी वर्षं सोबत करणारी गोष्ट, खाणं, एका सकाळी काढून घेतली गेली आहे. त्याची जागा घ्यायला अजून काही आलेलं नाही.

बरेच जण हे ऑपरेशन लपवतात. 'आयता मार्ग घेतला' असं कुणी म्हणेल ही भीती असते. (दोन महिने पाणी टोपीनं मोजून प्यायचं, यात आयतं काय आहे?) गावभर सांगू नका, पण घरातल्या दोन माणसांना आणि जवळच्या एका डॉक्टरला नक्की सांगा. मला एकदा बेशुद्ध रुग्णाच्या पोटावरची भोकं पाहून अंदाज बांधावा लागला होता, कारण सोबत आलेल्या भावालाच माहीत नव्हतं.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, कशातच मन लागेना, मरणाचे विचार येऊ लागले तर थांबू नका. या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांत हा धोका वाढतो, हे जगभर दिसून आलं आहे. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

केव्हा थांबायचं नाही

घरी रोज सकाळ-संध्याकाळ, बसलेल्या स्थितीत, पूर्ण एक मिनिट नाडी मोजा आणि वहीत लिहा. शिवण गळत असेल तर ताप यायच्या आधी बऱ्याचदा नाडी बोलते. विश्रांतीतही ती सतत १०० च्या वर राहू लागली तर सर्जनला फोन करा. १२० च्या वर गेली, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढतं दुखणं, १००.४ च्या वर ताप, धाप, जीव घाबरा होणं यातलं काही असेल तर सकाळची वाट पाहू नका. मेटोप्रोलोलसारखी नाडी कमी ठेवणारी गोळी चालू असेल तर आकडा तुम्हाला फसवेल, तेव्हा बाकीच्या लक्षणांकडे जास्त पाहा. एका पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक धाप, छातीत कळ, काळी शौच किंवा रक्ताची उलटी, दोन-दोन दिसणं: १०८ ला फोन करा. औशाहून लातूर वीसेक किलोमीटर आहे. आधी तिथे पोहोचा, सर्जनशी बोलणं वाटेत होईल.

सुट्टीच्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये आताच काढून ठेवा, आणि तो फोटो घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्येही पाठवा. त्यात ऑपरेशनचं नाव, तारीख, सर्जनचा नंबर आणि चालू औषधं दिसली पाहिजेत. फोटो अंधुक आला असेल तर पुन्हा काढा.